गोष्ट परत सांगताना : मुलांच्या अद्भुत कार्टूनमालिकांच्या अभ्यासाची प्रस्तावना

जबलपूरच्या ओमतीहून नागपूरकडे निघालेली बस सिवनीवरून जाते. रुडयार्ड किपलिंगने १८९४ साली 'द जंगल बुक' प्रसिद्ध केले, तेव्हा मोगलीचा कळप त्याने याच सिवनीच्या डोंगरांत वसवला आणि त्याला वैनगंगेचे पाणी दिले. पुढे भंडारा-पवनीवरून विदर्भात उतरते तीच ही वैनगंगा. जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये या कथांवर बावन्न भागांची मालिका काढली. १९९३ मध्ये ती हिंदीत दूरदर्शनवर आली, रविवारी सकाळी. गीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा. जबलपुरातल्या मराठी मुलाला शेजारच्या जंगलाची गोष्ट अशी भेटली : लेखक इंग्रज, चित्रे जपानी, भाषा हिंदी आणि वाघ मराठी.

या पुस्तकाचा विषय नेमका असल्या भेटींचा आहे. मुलांसाठी काढलेली अद्भुताची कार्टूनमालिका आपल्या घरात चालेल की नाही, हे ठरवायचे कसे? प्रश्न घरगुती वाटतो आणि तसाच विचारलाही जातो. जिन्यात भेटलेली शेजारीण विचारते, शाळेच्या फाटकाशी उभे असलेले वडील विचारतात, आणि उत्तरही उभ्या उभ्या दिले जाते : "चांगली आहे हो, काही वाईट नाही त्यात." पण जरा थांबून पाहिले, तर या एका प्रश्नात बालमानसशास्त्र आहे, लोककथांचा अभ्यास आहे, बालरंगभूमीचा अनुभव आहे, चित्रपटाचे तंत्र आहे, दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे बोलणे आहे आणि थोडासा कायदाही आहे. या साऱ्या वाटा जेथे मिळतात, त्या जागी मी तुमचे मनापासून स्वागत करते. येथे यायला पदवी लागत नाही. एखादे मूल नीट ओळखीचे असले की पुरे.

माझे म्हणणे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढची प्रकरणे वाचताना ते तपासून पाहता येईल. मालिका आपल्या घराला मानवते की नाही, याचा मुख्य पुरावा पडद्यावर मिळत नाही. मुलाने ती गोष्ट परत सांगितली की त्या सांगण्यात तो सापडतो. भुते किती, मारामाऱ्या किती, शिव्या किती याची मोजदाद उपयोगाची आहे, पण ती मालिकेची मोजदाद झाली. मुलापर्यंत काय पोहोचले, हे त्यातून कळत नाही.

आधी हे घर कोणते ते सांगितले पाहिजे, कारण घराचे वर्णन केल्याशिवाय 'मानवणे' या शब्दाला काही अर्थ नाही. ओमती म्हणजे जबलपूरचा जुना, गजबजलेला मध्यभाग. घंटाघर, नौदरा पूल, विक्टोरिया हॉस्पिटल हे सगळे पायी जाण्याच्या अंतरावर. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर झाल्यामुळे कारकून, शिक्षक, वकील यांचे जाणे-येणे सुरू राहिले. १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेशचे हायकोर्ट जबलपुरात आले, आणि प्रत्येक वेळी काही मराठी बिऱ्हाडे येथे स्थिरावली. आज त्यांची चौथी-पाचवी पिढी शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी आणि आजीशी मराठी बोलते. मित्राला हाक मारताना त्यांच्या तोंडी अस्सल जबलपुरी 'बड्डे' येते. कार्टून ती बहुतेक हिंदीत पाहतात. आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी शेजारपाजारची मुले गोष्टी ऐकायला आणि सांगायला जमतात. या पुस्तकातली पुष्कळ निरीक्षणे त्या बैठकीतली आहेत.

अद्भुत लहान मुलांना द्यावे की देऊ नये, हा वाद आपल्याकडे कार्टूनच्या आधीपासून आहे, आणि तो फार चांगल्या माणसांत झालेला आहे. मारिया माँटेसरींचे मत असे, की अगदी लहान मुलांना परीकथा देऊ नयेत. आधी खरे जग त्यांच्या हाताला लागू द्यावे, कारण परी आणि राक्षस ही मोठ्यांची कल्पना असते आणि मूल ती खरी समजून बसते. गिजुभाई बधेका हे माँटेसरींचे अनुयायी, पण गोष्ट हा त्यांच्या बालमंदिराचा प्राण होता. गोष्ट कशी निवडावी आणि कशी सांगावी यावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भावनगरला त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी हा सारा विचार मराठीत आणला, पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेला. मला हा वाद निकाली काढावासा वाटत नाही. माँटेसरींची काळजी खरी होती आणि गिजुभाईंचा विश्वासही खरा होता. फरक एवढाच की गिजुभाईंच्या गोष्टीत सांगणारा माणूस समोर बसलेला असे. मुलाचा चेहरा उतरला की तो राक्षसाला दोन पावले मागे घेई. कार्टूनमधला राक्षस कोणाचा चेहरा पाहत नाही. म्हणून समोर बसणाऱ्या माणसाची जागा घरातल्या कोणीतरी घेतली, तर गिजुभाईंची बाजू बळकट होते. ती जागा रिकामी राहिली, तर माँटेसरींची.

भीतीचा विषय येथेच येतो, आणि त्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण पालकांचे सगळ्यांत जास्त गैरसमज याच बाबतीत आढळतात. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' हे नाटक मुलांसाठी रंगमंचावर आणले. त्यातली चेटकीण त्यांनी स्वतः केली. मराठी बालरंगभूमीवर तेव्हापासून चेटकिणींची परंपराच सुरू झाली. 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण अलीकडे वैभव मांगले यांनी रंगवली आणि मुलांनी तिच्यासाठी नाट्यगृहे भरून टाकली. मुलांना घाबरायला आवडते, हे यावरून दिसतेच. पण नाट्यगृहात मूल आईच्या मांडीवर असते, आजूबाजूला शेकडो मुले एकदम किंचाळतात आणि एकदम हसतात, मध्यंतरात वडा खायला मिळतो. तीच चेटकीण टॅबलेटवर, कानात इअरफोन घालून, एकट्याने पाहिली तर भीती तेवढीच राहत नाही.

शिवाय कोणत्या वयाचे मूल कशाला घाबरते, हे मोठ्यांच्या अंदाजापेक्षा वेगळे असते. अमेरिकेत जोअ‍ॅन कँटर यांनी अनेक वर्षे याचाच अभ्यास केला. ग्लेन स्पार्क्स यांच्याबरोबर १९८६ मध्ये त्यांनी 'द इनक्रेडिबल हल्क' या मालिकेतला एक भाग मुलांना दाखवला. तीन ते पाच वर्षांची मुले सगळ्यांत घाबरली ती साधा माणूस हिरव्या राक्षसात बदलतो त्या क्षणी. हा राक्षस तर माणसांना वाचवायला येतो! पण त्यांच्या लेखी रूप हेच सर्वस्व होते. नऊ ते अकरा वर्षांची मुले त्याआधीच घाबरली होती, नायक संकटात सापडला तेव्हा. त्याआधीच्या, १९८४ मधल्या एका अभ्यासात कँटर आणि बार्बरा विल्सन यांनी 'विझर्ड ऑफ ऑझ'मधल्या चेटकिणीचा प्रसंग घेतला. 'हे खरे नाही हे लक्षात ठेव' असे आधी सांगून ठेवल्याचा मोठ्या मुलांना उपयोग झाला, लहानांना झाला नाही.

आपल्या घरात हे रोज घडते. चार वर्षांची मुलगी पदराआड तोंड लपवते आणि आपण म्हणतो, "अगं, खोटं आहे ते!" तिला त्या वाक्याचा काही उपयोग नसतो. तिला जवळ घ्यावे, पाणी द्यावे, दिवा लावावा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाशी मात्र बोलावे, कारण तो आता जे घडू शकते त्याला घाबरू लागलेला असतो. आगीला, चोरांना, आईबाप हरवण्याला. मोगलीची मालिका आमच्या बैठकीत पुन्हा दाखवली, तेव्हा हा फरक डोळ्यांसमोर दिसला. लहानांनी शेरखान येताच डोळे मिटले, पण आवाज कानावर पडत होताच, आणि नाना पाटेकरांचा तो घोगरा, दातओठ खाणारा आवाज डोळे मिटून थांबत नाही. मोठ्या मुलांना वाघाचे काही वाटले नाही. त्यांच्यातली एक जण दोन दिवसांनी आईला विचारत होती, "मोगलीची खरी आई त्याला शोधत असेल ना?" म्हणून मालिका तपासताना एकदा आवाज बंद करून पाहावी आणि एकदा चित्राकडे पाठ करून ऐकावी. भीती कोठून येते ते मग कळते.

आता परत सांगण्याकडे येते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मारी-लुईझ मेअर्स आणि एमिली अकोस्टा यांचा २००८ मधला अभ्यास या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावा असा आहे. त्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना 'क्लिफर्ड' या लाल कुत्र्याच्या मालिकेतला एक भाग दाखवला. त्यात तीन पायांचा एक कुत्रा येतो. बाकीचे कुत्रे त्याला आधी बिचकतात, मग मित्र करून घेतात. वेगळ्या असणाऱ्याला सामावून घ्यावे, हा धडा मोठ्यांना उघड दिसतो. मुलांना विचारले तेव्हा बहुतेकांना तो सांगता आला नाही. ज्यांनी जवळपासचे काही सांगितले, त्यांच्यातही तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगले वागावे, एवढेच सांगणारी मुले होती. कुत्र्यांपलीकडे, आपल्या वर्गातल्या कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलापर्यंत, ते पोहोचले नव्हते.

डोरेमॉन पाहणाऱ्या मुलांकडून गोष्ट ऐकली की हेच वेगळ्या रूपात दिसते. फुजिको फुजिओ यांची ही निळी यंत्रमांजर १९६९च्या अखेरीस जपानी मासिकांत अवतरली. आपल्याकडे गेली वीस वर्षे ती हिंदी बोलते आहे. जवळजवळ प्रत्येक भागाची चाल एकच : नोबिता रडतो, डोरेमॉन पोटाच्या खिशातून यंत्र काढतो, नोबिता त्याचा हव्यासाने वापर करतो आणि शेवटी ते त्याच्यावरच उलटते. म्हणजे रचनेने ही मालिका नीतिकथाच आहे, आळशाला फळ मिळत नाही असेच ती दर वेळी सांगते. पण सहा वर्षांच्या मुलाला गोष्ट सांगायला सांगा. तो म्हणतो, "नोबितानं होमवर्क नाही केला, मग डोरेमॉननं ते निकालून दिलं, ब्रेडवर लिहायचं आणि खाऊन टाकायचं, मग सगळं पाठ!" पुढे काय झाले? "मग तो खुश झाला." शेवट गळून गेला, खिसा तेवढा राहिला. नऊ वर्षांची त्याची बहीण त्याला मध्येच तोडते : "अरे, इतकं खाल्लं की पोट बिघडलं, आणि मग सगळं विसरला ना तो!" मालिका एक, घर एक, सोफाही एकच. पण धाकट्याने एक गोष्ट पाहिली आणि थोरलीने दुसरी. डोरेमॉन या घराला मानवते का, याचे उत्तर मग असे येते की थोरलीला मानवते, आणि थोरली शेजारी बसली असेल तर धाकट्यालाही.

हे शहाणपण आपल्या अ‍ॅनिमेशनमध्ये पूर्वीच आलेले आहे. फिल्म्स डिव्हिजनचा 'एक अनेक और एकता' हा छोटा चित्रपट १९७४ चा. केला विजया मुळे यांनी, संगीत वसंत देसाईंचे. जाळ्यासकट उडून जाणाऱ्या चिमण्या सगळ्यांना आठवतात. मला त्यातली थोरली बहीण अधिक महत्त्वाची वाटते. धाकट्याला शब्द कळत नाही, तो विचारतो, ती गोष्ट सांगते, तो पुन्हा विचारतो. सोबत बसून उलगडून सांगणारे माणूस विजया मुळ्यांनी चित्रपटाच्या आतच ठेवले. मुलांच्या मालिका काढणाऱ्यांनी आजही त्याचा अभ्यास करावा.

लांबलचक, अनेक भागांत पसरलेल्या अद्भुतकथेची परीक्षा याहून अवघड असते, कारण तिच्यात मृत्यू, युद्ध, विश्वासघात हे सारे येते. यासाठी या पुस्तकात 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही मालिका सविस्तर घेतली आहे. २००५ ते २००८ या काळात अमेरिकेच्या निकलोडियनने काढलेले तिचे ६१ भाग आहेत. नावातच अवतार, पुढे गुरू आणि चक्रे येतात, नायक शाकाहारी भिक्षू. आमच्याकडच्या आजी-आजोबांना ते जवळचेही वाटते आणि आपल्या पवित्र गोष्टींशी परक्यांनी खेळ मांडला असेही वाटते. दोन्ही भावना रास्त आहेत आणि त्या घरात मोकळेपणाने बोलल्या जाव्यात.

त्यातला तिसरा भाग पाहा. बारा वर्षांचा आंग शंभर वर्षे बर्फात गोठून पडला होता. तो आता आपल्या मठात परततो आहे. आपली माणसे भेटणार म्हणून उड्या मारतो आहे. सोबतच्या कताराला आणि तिच्या भावाला ठाऊक आहे की युद्धात तेथे कोणी उरलेले नसणार. तेथे शत्रूच्या सैनिकाचे शिरस्त्राण पडलेले दिसते, आणि आंगच्या दृष्टीस पडू नये म्हणून कतारा त्यावर बर्फ लोटते. पण शेवटी त्याला आपल्या गुरूंचा सापळा सापडतोच. त्याचे डोळे पेटतात, वादळ उठते. कतारा त्या वादळातून चालत जाते, आता आम्हीच तुझे कुटुंब आहोत असे त्याला सांगते, हात धरते, आणि वारा हळूहळू बसतो.

मोजदाद करणारा लिहील : सापळा, एक; सामूहिक संहाराचा उल्लेख, एक. आमच्या बैठकीत पाच वर्षांच्या मुलाने सांगितले ते एवढेच : "तिकडे हड्डी होती." आजीने "सापळा म्हणतात त्याला" असे पुरवले. तो तेवढा शब्द घेऊन त्या रात्री आईजवळ झोपला. त्याच्यासाठी ही मालिका अजून नव्हती. दहा वर्षांच्या मुलीने वादळ सांगितले, हात धरणे सांगितले, आणि मग विचारले, "कतारानं बर्फ टाकलं ते खोटं बोलणं झालं का?" घरातल्या आजारपणाची बातमी मुलांपासून लपवणारे मोठे त्या खोलीत बसले होते. त्यांनी तिच्याशी बराच वेळ बोलून घेतले. त्या मुलीसाठी मालिका योग्य आहे की नाही, हे मला आणखी कोणी सांगायची गरज राहिली नाही. माझ्या मते 'अवतार' नऊ-दहा वर्षांपासून पुढे, आणि पहिल्या पाच-सहा भागांना मोठे माणूस सोबत असावे.

सापळ्यापेक्षा, राक्षसापेक्षा हळू पोहोचणाऱ्या काही गोष्टी असतात. 'छोटा भीम' घ्या. हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्ड संस्थेने काढलेली ही मालिका २००८ पासून चालू आहे. ढोलकपूर, लाडू, राजा, जादूगार हे सारे मुलांच्या अंगवळणी पडले आहे, आणि भारतीय मुलांना आपल्या मातीतला नायक मिळाला हे मोठेच काम झाले. पण नायकाला त्रास देणाऱ्या दांडगट मुलाचे नाव कालिया आहे. सावळ्या मुलाला शाळेत कोणत्या नावाने हाक मारतात, हे आपल्या प्रत्येक गावात सगळ्यांना माहीत असते. मी यासाठी मालिका बंद करा म्हणत नाही. मात्र मुलाच्या परत सांगण्यात 'काळा म्हणून वाईट' असे काही येते का, याकडे कान हवा, आणि आले तर त्याच दिवशी बोलायला हवे.

भाषेचे एक प्रकरण मी मुद्दाम मोठे केले आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत एक तक्रार नेहमी ऐकू येते : कार्टूनमुळे मुले हिंदी झाली. ही तक्रार आपल्यापुरती नाही. बांगलादेशाने २०१३ मध्ये हिंदी डोरेमॉनचे प्रसारण थांबवले, ते मुले बंगालीऐवजी हिंदी बोलू लागली म्हणूनच. जबलपुरात हिंदी ही गल्लीची भाषा आहे, तिला दाराबाहेर ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. तिनेच आपल्याला आसरा दिला. पण हिंदीत पाहिलेली गोष्ट आजीला मराठीत सांगायची, एवढा नेम घरात ठेवला तर कार्टूनचा एक भाग म्हणजे मराठी बोलण्याचा दहा मिनिटांचा तास होतो. मूल अडते, हिंदी शब्द टाकून पुढे जाते, आजी शब्द देते, मूल तो घेते किंवा घेत नाही. 'निकालून दिलं' म्हणणाऱ्या मुलाला लगेच टोकू नये. गोष्ट पुरी होऊ द्यावी. समजले किती, घाबरले किती आणि मराठी किती, या तिन्ही गोष्टी एकाच सांगण्यात ऐकू येतात.

वयाच्या शिक्क्यांविषयी थोडक्यात. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरच्या कार्यक्रमांना यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशा श्रेण्या द्याव्या लागतात आणि १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलपाची सोय ठेवावी लागते. केबलच्या १९९४ च्या नियमांत मुलांच्या कार्यक्रमांत वाईट भाषा आणि उघड हिंसा नसावी, असे सांगितलेले आहे. हे नियम गरजेचे आहेत, ते जरूर वापरा. पण शिक्का एका वयावर बसतो आणि आपल्या घरात वये तीन असतात. शिवाय कार्टून आहे म्हणजे मुलांचेच असेल, हा समज फसवा आहे. शिनचॅन ही योशितो उसुई यांची चित्रकथा १९९० मध्ये जपानमध्ये प्रौढ वाचकांच्या साप्ताहिकात सुरू झाली होती. आपल्याकडे ती मुलांच्या चॅनेलवर आली, २००८ मध्ये सरकारी आक्षेपानंतर बंद झाली आणि कात्री लागून २००९ मध्ये परतली. एवढा इतिहास माहीत असला, तर पाच वर्षांचा शिनचॅन मोठ्यांचे दोष इतके उघडे का पाडतो, याचे नवल वाटत नाही.

वेळेचा प्रश्न मात्र श्रेणीने सुटत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अँजेलीन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एका गटाने नऊ मिनिटे वेगवान, अद्भुत कार्टून पाहिले, दुसऱ्याने संथ आणि वास्तव कार्टून, तिसऱ्याने चित्रे काढली. लगेच घेतलेल्या चाचण्यांत पहिल्या गटाला धीर धरणे आणि विचार करून हालचाल करणे अधिक जड गेले. लिलार्ड यांच्या २०१५ मधल्या पुढच्या अभ्यासात दोष वेगाचा कमी आणि अशक्य घटनांच्या गर्दीचा जास्त निघाला. या चाचण्या कार्टून पाहिल्यानंतर लगेच घेतलेल्या होत्या, त्यावरून मुले कायमची बिघडतात असा अर्थ काढू नये. पण अद्भुत मालिकेनंतर लगेच अभ्यासाला बसवू नये, एवढे त्यातून नक्की घेता येते. आपल्या व्रतकथांना सुरुवातीला आटपाट नगर असते आणि शेवटी सुफळ संपूर्ण असते. मूल त्या नगरात कधी शिरले आणि कधी बाहेर आले, हे त्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही कळते. आजच्या मालिकांत एक भाग संपायच्या आत दुसरा आपोआप सुरू होतो. ती आपोआपची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. एक भाग, मग टीव्ही बंद, मग दुसऱ्या दिवशी सांगणे, असा क्रम ठेवला तर बाहेर येण्याचे दार पुन्हा बसवल्यासारखे होते.

या पुस्तकाचा उपयोग कसा करावा, हे सांगून थांबते. भीतीचे प्रकरण आणि परत सांगण्याचे प्रकरण आधी वाचावे. कायद्याचे शेवटी वाचले तरी चालेल. वाचता वाचता एखादी मालिका हाताशी घ्यावी. शक्य तर मोगलीचीच, कारण ती सात-आठ वर्षांच्या मुलांना झेपते आणि मोठ्यांनाही कंटाळा येत नाही. पहिला भाग आधी एकट्याने पाहावा, मग मुलाबरोबर. त्या संध्याकाळी काही विचारू नये. दुसऱ्या दिवशी, भाजी निवडताना किंवा शाळेत सोडायला जाताना, "काल काय झालं रे त्यात?" एवढेच विचारावे आणि मध्ये बोलू नये. मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवावे. काय गाळले, कोठे आवाज खाली गेला, कोणाचे नाव घेतले नाही, हेही लिहावे. आठवडाभर असे करावे, आणि मग त्या वहीवरून घरातल्यांनी बसून ठरवावे. आजी-आजोबांना या बैठकीत जरूर घ्यावे, त्यांना मुलाच्या सांगण्यातल्या पुष्कळ गोष्टी ऐकू येतात.

शेवटच्या प्रकरणात ओमतीतल्या मुलांनी सांगितलेल्या गोष्टी दिल्या आहेत. पालकांच्या परवानगीने, नावे न देता, मुलाचे वय आणि मालिकेचे नाव एवढेच लिहून. त्यांत मराठी वाक्यात हिंदी क्रियापदे आहेत, राक्षस दोनदा मरतो, आणि एका गोष्टीत शेरखान नर्मदा ओलांडून घंटाघरापर्यंत येतो. आम्ही त्यांतला एकही शब्द बदललेला नाही.

ओमती, जबलपूर